भूमेश्वरीच्या जागी हेमलता

दोन हजार अकरा सालचा जानेवारी. तिरोड्याकडच्या एका लहानशा गावात गोंदियाच्या कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर लागलं होतं. मुलं नाल्या उपसत होती, मुली शाळेच्या भिंतीला चुना लावत होत्या. त्यांतच गोंदियाजवळच्या कुडवा गावची रुचि होती, बी.ए.च्या पहिल्या वर्षाची. हे गाव तिच्या मामाचं. छोटेलालमामा गावातले मोठे शेतकरी. शिबिराचा तांदूळ, डाळ त्यांच्याच घरून आली होती, म्हणून प्राध्यापक त्यांना वाकून नमस्कार करत.

संध्याकाळी चौकात बालविवाहावर पथनाट्य झालं. रुचि नवरी झाली होती. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सगळ्यांत जोरात टाळ्या छोटेलालमामांनी वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर मामांची थोरली भूमेश्वरी तिच्याजवळ आली. पंधरा वर्षांची, नववीतली.

"रुचिताई, माहं बी लगन जमलं. चैतात हाये. तू बाबूजीले सांग ना. तुह्यं आयकतीन ते."

रुचि तशीच मामांकडे गेली. मामा हसले. "अवं पोरी, नाटक येगळं अन घर येगळं. टिकेशचं खानदान चांगलं हाये. तू कायले टेंशन घेऊन राह्यली?"

मग ती प्राध्यापकांकडे गेली. ते म्हणाले, "हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे, रुचि. आपण इथे पाहुणे. पुढच्या वर्षीही याच गावात यायचं आहे."

रुचि पुढे कुणाकडे गेली नाही. समारोपाला मामांना शाल-श्रीफळ मिळालं आणि शिबिर उठलं. चैत्रात भूमेश्वरीचं लग्न लागलं. रुचि नवी साडी नेसून पंगतीत जेवली. मांडवात भूमेश्वरीने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

डिसेंबरात, दिवस भरायच्या आतच, भूमेश्वरी बाळंत झाली. अंगात रक्त नव्हतं. गोंदियाच्या वाटेवर, गाडीतच तिने प्राण सोडला. मुलगा तेवढा वाचला.

तेरवी आटोपल्यावर मामांच्या घरी बैठक बसली. रुचि आईबरोबर तिथेच होती. भूमेश्वरीच्या नवऱ्याच्या, टिकेशच्या, काकांनी, केवळरामांनी, विषय काढला. "लेकराले माय पाह्यजे. बाहेरची आनून काय करता? हेमलताच देऊन टाका."

हेमलता भूमेश्वरीची धाकटी बहीण. आठवीतली. बहिणीचं बाळ मांडीवर घेऊन ती ओसरीवरच बसली होती.

छोटेलाल खाली मान घालून म्हणाले, "तुमी म्हनान तसं."

रुचि उठली आणि पुरुषांच्या बैठकीसमोर जाऊन उभी राहिली.

"मामाजी, मागल्या बारीले मी चूप बसली. आता नाई बसत. हे लगन झालं तं मी पोलिसात जाईन."

"पोटची पोरगी सरनावर ठेवून आलो मी, अन तू मले कायदा शिकवून राह्यली?" मामा गरजले. "निंघ माह्या घरातून!"

आई तिचा हात ओढत होती. तो सोडवून रुचि थेट ग्रामसेवकाकडे गेली. तो आधी कचरला. पण ती दारातून हलेना, तेव्हा उठला. बैठकीत येऊन त्याने सांगितलं, हे लग्न लावलं तर दोन्ही घरांवर गुन्हा दाखल होईल.

"मंग लेकराचं कोन पाहीन?" केवळराम उसळले.

मुलगी गेल्यापासून मामीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. ती ओसरीवर आली आणि तिने हेमलताच्या मांडीवरून बाळ उचललं.

"मी पाहीन. एक देली, ते गेली. हेमलता नाई देत."

छोटेलाल भिंतीला टेकले आणि तोंडावर दुपट्टा धरून हमसून हमसून रडले.

हेमलता शाळेत जाऊ लागली. पण झाला अपमान छोटेलाल विसरले नाहीत. संक्रांतीला रुचीची आई तिळाचे लाडू घेऊन माहेरी गेली. भावाने दार उघडलं नाही. लाडूंचा डबा तसाच घेऊन ती परतली. नुसती चुलीपुढे बसून राहिली.

पुढच्या महिन्यात पुन्हा शिबिराची तयारी सुरू झाली. गाव तेच होतं. प्राध्यापकांनी पथनाट्यासाठी नावं मागितली.

रुचि उभी राहिली. "सर, यंदा आधी घरोघरी जाऊ. कोणत्या मुलीचं लग्न जमलंय ते विचारू. नाटकाचं मग बघू."

"गाव चिडेल. छोटेलालजी तर तांदळाचा दाणाही देणार नाहीत."

"घरून डबे नेऊ, सर. भूमेश्वरीने माझ्याकडे मदत मागितली होती, मी तुमच्याकडे. आणि आपण दोघांनी तिला तिथेच सोडलं."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, "पहिल्या घरी मी येतो तुझ्याबरोबर."