न धुतलेले दगड

फैजपुरात जीवरामनानांचा ठिबकचा फिल्टर म्हणजे पाहण्यासारखी गोष्ट होती. इतरांच्या केळीबागेत नळ्या चोंदायच्या आणि झाडं माना टाकायची. नानांच्या बागेत कधी नाही. रोज सकाळी उलटं पाणी सोडून ते फिल्टरची वाळू धुवायचे आणि जाळी दातांसारखी घासायचे. धुण्याचा त्यांना नादच होता म्हणा ना. अशा माणसाच्या घरी समुद्र यावा, हे त्या समुद्राचं नशीब.

समुद्र आला तो बायकोसाठी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, चाला. आणि लताबाई भिंतीकडे तोंड करून निजून राहिल्या. बोलणंसुद्धा बंद. नाना समजावून थकले. मग एकदा जळगावात एका दुकानात त्यांना खाऱ्या पाण्याची छोटी टाकी दिसली. निळ्या उजेडात भूछत्रासारखं एक मऊ प्रवाळ संथपणे डुलत होतं. नाना तिथं इतका वेळ उभे राहिले की दुकानदार प्रेमराजनं शेवटी त्यांना खुर्ची दिली.

प्रेमराज शिंदखेड्याचा, बोलायला मोकळा. पाणी गाळायचे प्रकार त्यानं नीट समजावले. एक मागं टांगायचा स्पंजचा डबा. दुसरं घाणीचा फेस करून वर काढणारं यंत्र. तिसरा प्रकार म्हणजे नुसते दगड, त्याच्या जुन्या टाकीत वर्षभर मुरलेले.

"लहान टाकीला हे दगडच बेस, नाना. पाणी फिरवायला एक पंप, झालं."

"दगड काय गाळणार?" नानांनी विचारलं.

"त्यांच्या भोकाभोकात जीव शे. दिसत नाही, पण घाण तोच खातो."

नानांनी मान डोलावली आणि दगड घेतले. मनातून मात्र पटलं नव्हतं. जो धुता येत नाही, तो कसला फिल्टर?

टाकी बैठकीत बसली. दोन नारंगी मासे आले, प्रवाळ उमललं, नाना दुपारी ते पाहत बसू लागले, आणि एके दिवशी आतून वॉकरचा आवाज आला. लताबाई आपल्या पायांनी येऊन खुर्चीत बसल्या. मग रोजच येऊ लागल्या. पडदे ओढलेल्या त्या निळ्या उजेडात सगळी बैठक पाण्याच्या तळाशी गेल्यासारखी वाटायची. कपाट, कॅलेंडर, लताबाईंचा पांढरा अंबाडा, सगळं हळूहळू हलणारं. नानांना वाटे, आता ही बाहेर पडणार.

पण दगडांवर तपकिरी शेवाळ चढलं आणि नानांचे हात शिवशिवले. एका सकाळी लताबाई उठायच्या आत त्यांनी दगड अंगणात नेले, बोअरच्या पाण्याखाली ब्रशनं घासले आणि देव्हाऱ्यात ठेवावेत इतके लख्ख केले.

लवकरच पाणी गढूळलं. मासे वर येऊन तोंड उघडू लागले, प्रवाळ मिटून मुठीएवढं झालं. नाना दिवसभर टाकीत हात घालून. लताबाईंनी थोडा वेळ पाहिलं आणि वॉकर वळवला. दुसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत. नाना खोलीत डोकावले, तर तोंड पुन्हा भिंतीकडे. त्यांनी प्रेमराजला फोन लावला.

"नाना, दगड धुतले का?" प्रेमराजनं विचारलं.

"चकाचक."

"लगेच या. दगडातला बठ्ठा, सगळा जीव मरी गया व्हई."

परतीच्या बसमध्ये पायाशी खाऱ्या पाण्याचे कॅन होते आणि मांडीवर ओल्या कापडात गुंडाळलेले नवे मुरलेले दगड. पायजमा भिजत होता. सावद्यापुढच्या बागा सुरू झाल्या आणि नानांचा डोळा लागला. केळीच्या ओळींमधून निळं पाणी भरत आलं. पानं त्यात लांब लांब हलत होती, घडांमधून नारंगी मासे जात होते. लताबाई वॉकरशिवाय बांधावरून चालल्या होत्या, पदर पाण्यावर तरंगत होता. नाना हाक मारत होते, पण तोंड मिठानं भरलेलं.

"बाबा, फैजपूर," कंडक्टरनं हलवलं.

पाणी बदललं, दगड बसवले. आता हात लावायचा नाही, असं प्रेमराजनं बजावलं होतं. नानांच्या जन्मातलं हे सगळ्यात अवघड काम. काच तपकिरी झाली, तरी ते हात मांडीखाली दाबून खुर्चीत बसून राहायचे. रोज दुपारी. आधी वर येऊन तोंड उघडणारे मासे पुन्हा खाली पोहू लागले. मग एकदा वॉकरचा आवाज आला आणि लताबाई येऊन समोर बसल्या.

प्रवाळाची एक कड सैल झाली, मग दुसरी. नाना खुर्चीतून पुढं झुकले.

"पहा, उमलून राह्यलं."

लताबाई त्यांच्याकडेच पाहत होत्या.

"मी काय ते पहाले येत व्हती?" त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून तुम्ही दिवसाढवळ्या कधी माह्याजवळ बसलेच नाही. या टाकीपायी बसले, म्हणून मी येत व्हती. मंग तुम्ही पुन्हा घासाले लागले, अन् मले नुसती तुमची पाठ दिसाले लागली."

नानांनी आपली खुर्ची ओढत तिच्या खुर्चीला लावली. बायकोचा हात कसा धरतात, याची त्यांना सवयच नव्हती. शेवटी त्यांनी आपला हात तिच्या खुर्चीच्या दांड्यावर, तिच्या हाताशेजारी ठेवला आणि तसाच राहू दिला.