मास्तरांचं तेल आणि माझा ब्रेक

थांबा, आधी मला भिंतीला नीट टेकवा. माझा स्टँड जरा ढिला आहे, बोलता बोलता पडले तर तुम्हीच हसाल. हं, आता ठीक. मी सायकल. रंग मूळचा निळा, घंटी बसक्या आवाजाची, मागे डबा बांधायला कॅरिअर. रोज कामावर जाते आणि रोज घरी येते, एवढीच माझी कर्तबगारी.

कारखान्यात माझ्यासारख्या कितीतरी जणी एकाच दिवशी जन्मल्या, त्यामुळे कौतुक असं कुणाचंच झालं नाही. दुकानात मला छताला टांगलं होतं. तिथून मला गिऱ्हाइकांची फक्त टकलं दिसायची.

त्यातलंच एक टक्कल मला घरी घेऊन गेलं. त्या गृहस्थांना डॉक्टरांनी पोट कमी करायला सांगितलं होतं. सुरुवातीला त्यांनी मला असं दामटलं की मला वाटलं, आता आपण जग बघणार. मग त्यांचा गुडघा दुखला, मग हवा बिघडली, मग पाहुणे आले. शेवटी मी बाल्कनीत उभी आणि माझ्या हँडलवर त्यांचे टॉवेल वाळत. टॉवेलांचं पाणी ठिबकून माझी चेन गंजून लाल झाली. व्यायामाचं सामान घरात आलं की निम्मा व्यायाम झाला असं माणसं धरून चालतात, हे मला तिथे कळलं.

एक दिवस त्यांनी मला वरच्या मजल्यावर देऊन टाकलं. तिथे तिघं राहत होते. मास्तर, त्यांचा मुलगा आणि सूनबाई. मास्तर जन्मभर टेलरकाम केलेले. नजर अधू झाली म्हणून दुकान बंद केलं होतं, पण शिलाई मशीन खिडकीपाशी ठेवून रोज सकाळी पुसायचे. सूनबाई दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची. तिला जायला-यायला मी हवी होते आणि मास्तरांना हाताला काम हवं होतं.

मास्तरांनी माझी चेन जुन्या ब्रशने घासली, चिंधीने पुसली. मग मशीनच्या तेलाची बुधली घेऊन, पेडल उलटं फिरवत, एकेका कडीवर थेंब सोडला आणि वरचं तेल परत टिपून घेतलं. "तेल आत मुरलं पाहिजे, बाहेर राहिलं की धूळ धरतं," असं ते मलाच सांगत होते. बाल्कनीत गंजलेली मी, पुन्हा गाणं गुणगुणावं तशी फिरायला लागले. मग दर रविवारी हा कार्यक्रम ठरून गेला. त्या दिवशी मास्तर दाढीसुद्धा लवकर उरकायचे.

माझी एक खोड मात्र होती. ब्रेक दाबला की कुईं असा आवाज यायचा. दवाखान्यात दिवसभर दात कोरायच्या यंत्राचा आवाज ऐकून सूनबाईचे कान किटलेले. एकदा घरी येऊन ती म्हणाली, "बाबा, सुटका नाही हो माझी. तिथे ते यंत्र, आणि येता-जाता ही बया!"

ती बोलली सहज, पण मास्तरांनी मनावर घेतलं. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्या दोन्ही रिमांवरून तेलाचा हात फिरवला आणि ब्रेकच्या रबरांनाही थेंब थेंब पाजलं. मी आतल्या आत ओरडत होते, पण सायकलीला बोलायला घंटीच काय ती, आणि तीही दुसऱ्याने वाजवायची. मास्तरांनी चाक फिरवून ब्रेक दाबला. आवाज गायब! चाक फिरतच होतं, पण मास्तर कान देऊन ऐकत होते, चाकाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

आमच्या दारातूनच उतार सुरू होतो आणि खाली बसच्या रस्त्याला मिळतो. सोमवारी सकाळी आम्ही निघालो. मधल्या वळणाशी सूनबाईने ब्रेक दाबला. आवाज नाही, आणि मी थांबेचना. तिने दोन्ही ब्रेक आवळले, पाय जमिनीला घासले, चपलेचा अंगठा तुटला. खाली बसचं तोंड दिसलं तशी तिने हँडल गर्रकन वळवलं आणि आम्ही दोघी एका अर्धवट घरासमोरच्या वाळूच्या ढिगात जाऊन पडलो. बस धडधडत निघून गेली. मला अजून आठवलं की धडकी भरते.

तिचा गुडघा सोलवटला, डब्यातली भाजी वाळूत मिसळली. ती उठली, माझ्या रिमवरून बोट फिरवलं आणि वास घेतला. वास ओळखीचा होता, मास्तरांच्या मशीनचा.

संध्याकाळी मुलगा भडकला. "बाबा, जीव गेला असता तिचा! उद्यापासून सायकलला हात लावायचा नाही. नाहीतर असं करतो, विकूनच टाकतो ही."

मास्तरांनी बुधली मशीनच्या खणात ठेवली आणि खण लावून घेतला. विकलं जायची भीती मला होतीच, पण त्यांचे पडलेले खांदे बघून मला जास्त वाईट वाटलं.

सूनबाई लंगडत येऊन मशीनच्या स्टुलावर बसली. "बाबा, मशीनला तुम्ही सगळीकडे तेल घालता?"

"सगळीकडे कसं? पट्ट्याला नाही घालायचं. पट्ट्याला तेल लागलं की तो घसरतो. मग पाय मारत बसा, चाक काही..." मास्तर मध्येच थांबले. माझ्या ब्रेककडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, हासुद्धा धरून ठेवणाराच की! आणि मी त्यालाच तेल पाजलं, पोरी."

"आवाजाची कटकट माझीच होती ना? आता उठा. चेनमध्ये वाळू गेलीय, ते मला नाही जमायचं."

"अगं, पण..." मुलगा म्हणाला.

"पण काय? तू गरम पाणी आण."

साबणाच्या पाण्याने रिमा धुतल्या, कापड कोरं निघेपर्यंत पुसल्या. तेल प्यायलेली रबरं काढून नवी बसवली आणि ब्रेकची वायर मुलाने ओढून घट्ट केली. चेनमधली वाळू मास्तरांनी ब्रशने काढली, ती कोरडी केली आणि मगच तेल दिलं. आता बुधली उघडण्याआधी ते कापडावर आखायचा खडू घेतात आणि माझ्या दोन्ही ब्रेकांवर फुली मारतात. दुकानात कात्री जिथे लावायची नसे तिथे ते अशीच फुली मारत. शेवटी ब्रेक दाबून मला पुढे ढकलतात. मी जागची हलले नाही तरच मला बाहेर जायची परवानगी मिळते.

नवी रबरंही थोडी वाजतातच. पहिल्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा मास्तर खिडकीत उभे होते. मुलगाही शेजारी उभा राहून, शर्टाची बटणं लावल्यासारखं करत होता. वळणाशी सूनबाईने ब्रेक दाबला. कुईं! मी जागच्या जागी थांबले. वरून मास्तर ओरडले, "वाजला रे, वाजला!"

आता माझा रंग उडालाय, सीट फाटलीय. मला नवा रंग नको. चेनला तेल द्या, वरचं टिपून घ्या आणि ब्रेक कोरडे ठेवा, एवढंच मागणं आहे. खरं तर त्या वळणाशी थांबायची रोज गरज नसते. रस्ता मोकळा असतो, सूनबाईला उशीर झालेला असतो. तरी आम्ही थांबतो. वर खिडकीत चहा निवत असतो, आणि तो आवाज कानावर पडल्याशिवाय मास्तर कप उचलत नाहीत.