बुजवलेला बोगदा

चारुलताने अहवालात ‘काम ताबडतोब थांबवावे’ असं लिहिलं होतं. ते वाक्य गिरीधरने बदलायला लावलं.

दक्षिणेत गिंडी भागातल्या त्यांच्या कचेरीकडे ईशान्येतल्या एका दुर्गम नदीवरच्या धरणाचा आराखडा होता. नदी वळवायला डोंगरातून बोगदा खणणं चाललं होतं आणि त्याच्या भिंती रोज चार-पाच मिलिमीटर आत सरकत होत्या. हे आकडे तुकोजी पाठवायचा. कचेरीच्याच शहरातल्या, मैलापूरच्या तंजावरी मराठी घरातला हा तरुण इंजिनिअर साइटवरच राहायचा.

“अक्का, डोंगर कुरकुरतो आहे,” तो शेवटच्या फोनवर म्हणाला होता. “तुमचा कागद आल्याविना ठेकेदार ऐकत नाही. लवकर लिहा, म्हणजे माणसं बाहेर काढतों.”

गिरीधर कचेरीचा प्रमुख. “पावसाआधी नदी वळली नाही तर अख्खं वर्ष गेलं,” तो म्हणाला. “‘थांबवावे’ नको. ‘लक्ष ठेवावे’ लिही.”

चारुलता अर्धा तास भांडली. मग तिने वाक्य बदललं आणि खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी छत कोसळलं. तुकोजी धरून अकरा जण आत राहिले. बारा दिवस उपसूनही हाती कुणी लागलं नाही, तेव्हा कंपनीने बोगद्याचं तोंड काँक्रीटने बुजवलं. नवा बोगदा शेजारून खणायचा, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी गिरीधर तिला घेऊन मैलापूरला गेला. तुकोजीचे वडील राणोजी दारातच उभे होते.

“पोराला केव्हां बाहेर काढणार?”

“शोध चालू आहे, अप्पा,” गिरीधर म्हणाला.

“नाही,” चारुलता म्हणाली. “शोध थांबवलाय. काल तोंड बुजवलं.”

गिरीधरने तिचा दंड धरला. तो सोडवून घेत तिने पहिल्या अहवालापासून सगळं सांगितलं.

“तुम्हांस ठाऊक होतं?” राणोजींनी विचारलं.

“हो.”

“आणि सही?”

“माझीच.”

म्हाताऱ्याने चौकट घट्ट धरली. “त्याची आई अजून त्याचं पान वाढते,” ते म्हणाले. “आत या, बाई. हें तिला तुम्हीच सांगा. मला व्हायचं नाही.”

गिरीधर जिना उतरून गेला. चारुलता चपला काढून आत गेली.

तुकोजीच्या आईने, सईबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “बाकीचे दहा कोण?”

चारुलताला एकाचंही नाव माहीत नव्हतं.

ती नावं मिळवायला तिला चार दिवस लागले. ठेकेदाराच्या यादीत दोघांची नुसती टोपणनावं होती. चौकशी समितीपुढे तिने ती यादी आणि दोन्ही अहवाल ठेवले. गिरीधरबरोबर तिच्यावरही गुन्हा दाखल झाला. वकिलाने सांगूनही तिने जबाब बदलला नाही.

पाऊस ओसरल्यावर नव्या बोगद्याचं खणकाम सुरू झालं.