पांदण आणि सडक

बेसा गावच्या सौरवनं ब्राउझरचं इंजिन लिहिलं होतं. वेबपान उघडलं की अक्षरं-चित्रं जागच्या जागी मांडतं, ते इंजिन. नाव ठेवलं पांदण, म्हणजे शेताशेतांतली गाडीवाट. कोड सगळ्यांना खुला. कुणीही घ्यावा, बदलावा, फक्त लिहिणाऱ्याचं नाव तेवढं राखावं. सौरवचं मन मात्र इतकं खुलं नव्हतं. कोराडी गावची त्याची चुलतबहीण सोनिका त्याच्या बरोबरीनं राबायची. तिनं एकदा चारचौघांत त्याची चूक दाखवली आणि साहेबांना मिरच्या झोंबल्या. तिच्या कामाला तो सगळ्यांदेखत कचरा म्हणाला. ती पांदणीचाच कोड उचलून वेगळी झाली आणि आपल्या इंजिनाचं नाव ठेवलं सडक.

मग सौरवनं सूड उगवला. कोडच्या तुकड्यांना सोनिकानं दिलेली आतली सगळी नावं त्यानं बदलून टाकली, का, तर तिला पांदणीतलं काही सहज नेता येऊ नये. अशानं आपल्यालाही सडकेवरचं काही आणता येणार नाही, हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

पांदण वापरणारा माणूस जगात एकच होता, खुद्द सौरव. त्यामुळे वाचनालय चालवणाऱ्या सुमतीबाई म्हणाल्या, "बरं चाललं तर आमच्या सगळ्या संगणकांवर लावू," तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. पण पांदणीत जोडाक्षरं ओळीच्या टोकाला फुटत होती. सडकेत ते कधीच दुरुस्त झालं होतं, आणि ती दुरुस्ती इकडे बसेल तर शपथ! एक नाव जुळेना. शेवटी नाक मुठीत धरून त्यानं कोराडी गाठली.

"काहून गा दादा, कचरा न्यायले आला?" सोनिकानं दारातच विचारलं.

"माहं अडलं आहे."

"मंग जुनी नावं परत लाव. माही दुरुस्ती तुले बसते, अन् चित्रं झटपट उघडायची तुही युक्ती मले बसते. कधीची वाट पाहून राहिली मी."

सौरवनं निमूटपणे सगळं पूर्ववत केलं. दोघांनी एकमेकांचं घेतलं आणि दोन्ही इंजिनं सुतासारखी सरळ झाली.

दाखवायच्या दिवशी वाचनालयात सोनिकाही आपली सडक घेऊन हजर. सुमतीबाईंनी दोन्ही इंजिनं शेजारीशेजारी चालवली. "मले तर काहीच फरक नाही दिसून राहिला."

झालं! सौरव उठला. पांदण मूळ, सडक तिची नक्कल, पांदणीची रचना किती शुद्ध, तो सांगतच सुटला. सुमतीबाईंनी मधे चहा मागवला, पिऊन संपवला, तरी याचं चालूच.

"सडक लावतो," त्या म्हणाल्या. "हे पोरगी कमी बोलते."

बाहेर आल्यावर सौरवचा तिळपापड झाला. "चित्रं माह्यामुळं झटपट उघडतात! लोकांले कसं समजंन?"

"तुहं नाव आहे ना कोडमध्ये. मी नाही काढलं."

"कोड कोण वाचते?"

"मी वाचते," सोनिका म्हणाली. "अजून कोण वाचते तुहं?"