घारीसाठी डबा

माळावरची घार दिसली की सासूबाई रिकामा डबा बडवत अंगणात धावायच्या. त्यांच्या पिल्लांना नख लावायची तिची काय टाप होती!

मग त्यांनी अंथरूण धरलं. सुनेने कोंबड्या विकल्या, पण त्यांना कळू दिलं नाही. रोज दुपारी आतून खणखणीत आवाज यायचा, "आली का गं मेली?"

"आली, आई!" म्हणत सून रिकाम्या खुराड्यापुढे इमानेइतबारे डबा बडवायची.

आज तो आवाज पार खोल गेला होता. सुनेने तरीही डबा उचलला.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "तू कोंबड्या विकल्यास, त्याच्या दुसऱ्या पहाटे कोंबडा आरवला नाही, तेव्हाच मला कळलं होतं. जन्मभर तिला या अंगणात टेकू दिलं नाही. आज बसू दे."

सुनेने डबा खाली ठेवला, अजिबात आवाज न करता.