जावांची रॉक गार्डन

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर थोरली दीड महिना लेकीकडे राहिली आणि थंडी सरता सरता घरी परतली. गाडीतून आधी काठी बाहेर आली, मग ती. फाटकापासून जिन्यापर्यंतच्या वाटेला लागून तिची रॉक गार्डन होती. उतारावर एकमेकांना रेलून बसवलेले दगड, फटींत खडी-वाळू, आणि त्यात वसंतात फुलणारी बुटकी झाडं. काठी टेकून ती तिथंच थबकली. दगडांच्या मधोमध जांभळे-पिवळे क्रोकस फुलले होते, चांगले टवटवीत. आणि त्यातला एकही तिनं लावलेला नव्हता.

"हे कुणी लावलं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

नवरा सामान उतरवण्यात भलताच गुंतला.

घर दोन भावांचं. खाली थोरला आणि थोरली, वर धाकटा आणि धाकटी. थोरली मागच्या खोलीत बसून दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायची. तीस वर्षं लोकांचे दात घडवता घडवता तिनं धाकटीवर कधी दात धरला, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण बोलणं बंद झालं तो दिवस पक्का आठवत होता. वरच्या पुढच्या खोलीत धाकटीचं पार्लर. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचे केस कापताना ती म्हणाली होती, "आमच्या जाऊबाईंना दगडांची फार माया. माणसांचंच काय ते वावडं." थोरली तेव्हा जिन्याखाली उभी होती. त्यानंतर दोघींचा सगळा कारभार नवऱ्यांच्या तोंडून.

संध्याकाळी दीर तब्येतीची चौकशी करायला खाली आला. थोरलीनं त्याला बसूही दिलं नाही.

"भावोजी, ती फुलं कुणाची?"

"तिनं लावली, वहिनी. थंडीत तुमची बरीच झाडं गेली. रिकामं दिसत होतं, म्हणून बाजारातून कोंब आलेले कंद आणले. अजून काही रोपंही लावलीत, ती फुलायची आहेत."

"सजवून ठेवायला माझी बाग काय तिच्या दुकानाची पाटी आहे? एकेक दगड मी माझ्या हातानं आणलाय. तिनं कधी एक खडा तरी उचलला?"

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून धाकटीचा आवाज आला. बोलत होती कुठल्याशा गिऱ्हाइकाशी, पण एवढ्या मोठ्यानं की गिऱ्हाईक बहिरं असावं असं वाटावं. "अहो, चार कंद लावले तर आभाळ कोसळलं! चांगलं करायला जावं, तर हे असं!"

"चांगलं म्हणे," थोरली दातओठ खात म्हणाली. "दीड महिना पाठ काय वळली, हिनं पाय पसरले."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बुटकं स्टूल घेऊन बागेत बसली. ऑपरेशनचा पाय काठीसारखा सरळ पुढे. हातात मेण कोरायची सुरी आणि टोकदार हत्यारं, तिच्या कामाचीच. त्यांनीच ती एरवी फटींतलं शेवाळ काढायची. एकेक क्रोकस तिनं कंदासकट उचकटला. मग फुलायची बाकी असलेली रोपं, नुसत्या पानांच्या गच्च चकत्या. वाकता येत नव्हतं, तेव्हा हात पोचेल तिथवर चाचपत ओढत राहिली.

नवरा दारात उभा राहून बघत होता. "पानं नीट बघ गं. राग आला की तुला डावं-उजवं कळत नाही."

"कुठला दात कुठल्या कवळीचा, हे मी डोळे मिटून सांगते. मला पानं शिकवता?"

सगळं तिनं पुठ्ठ्याच्या खोक्यात भरलं, वर जाड पेनानं लिहिलं, 'तुझं तुला परत', आणि खोकं जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवलं. दुपारपर्यंत ते उचललं गेलं. त्या दिवशी थोरली पोटभर जेवली.

हे समाधान दहा दिवस टिकलं. अकराव्या दिवशी ती जरा वाकू शकली, आणि काळ्या चपट्या दगडाच्या कुशीत तिला नुसती माती दिसली. तिथं तिची जेन्शियन असायची, निळ्या फुलांचं डोंगरी झाड. पाच वर्षांपूर्वी लावलेली, पाच वर्षांत एकही फूल न दिलेली. तरी दर हिवाळ्यात ती तिच्यावर काच ठेवायची, दर वसंतात रोज सकाळी डोकावायची. आजूबाजूच्या दगडांना तिनं हात लावून पाहिला. काहीतरी चुकलंय हे हातांना आधी कळलं. जेन्शियनचीही पानांची गच्च चकतीच असते.

तेवढ्यात वरून कुणीतरी गिऱ्हाईक म्हणालं, "अगं बाई, काय निळं आहे हे! खरं फूल का कागदाचं?"

थोरलीनं मान वर केली. गॅलरीच्या कठड्यावर मातीची कुंडी, आणि कुंडीत तीन निळी फुलं. शाईची दौत उपडी झाल्यावर पडतो त्या डागासारखी निळी.

दोन वर्षांत पहिल्यांदा ती जिना चढली. अकरा पायऱ्या, प्रत्येक पायरीला गुडघ्यातून कळ. पार्लरच्या आरशात धाकटीनं तिला पाहिलं, पण कात्री थांबवली नाही. खुर्चीतली बाई मात्र ताठ झाली.

"ती कुंडी माझी आहे," थोरली म्हणाली.

"कुंडी माझी आहे. बाजारातून आणलीय."

"झाड माझं आहे."

धाकटीनं कात्री ठेवली, आतून खोकं आणलं आणि 'तुझं तुला परत' ही बाजू थोरलीकडे वळवून स्टुलावर ठेवलं. "अक्षर कुणाचं, वहिनी? वाचता येतं ना?"

"चुकून आलं."

"पाच वर्षं तुमच्या दगडांत गुदमरलं होतं. माझ्याकडे दहा दिवसांत फुललं."

"दहा दिवसांत कळी तरी धरते का? त्या कळ्या माझ्याकडेच आल्या होत्या!"

"मग दिसल्या कशा नाहीत तुम्हाला?"

खुर्चीतल्या बाईनं डोळे मिटून घेतले, जणू तिचे केस धुतले जात होते. थोरलीला घाम फुटला होता. पाय थरथरत होता आणि धाकटी तिला बसही म्हणत नव्हती.

"मागा की," धाकटी म्हणाली. "तोंडानं मागा. एकदा 'दे' म्हणा."

थोरलीला ते निळं फूल जवळून बघायचं होतं, वाकून, नाक लावून. पाच वर्षं तेवढ्याचसाठी तर घालवली होती.

"दे," ती म्हणाली.

धाकटी एक क्षण गोंधळली. हे एवढ्या पटकन येईल असं तिला वाटलं नसावं. मग तिनं कात्री पुन्हा उचलली. "देते की. फुलं सरली की देते. आता गिऱ्हाइकांना आवडतायत."

थोरली उतरली ती कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. खाली नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" तिनं कवळ्यांच्या खोलीत जाऊन दार लावलं. पुढचे तीन आठवडे ती रोज बागेच्या वाटेनं गेली, पण मान वर केली नाही. वरून कौतुकाचे आवाज येत राहिले, ते काही कानाआड करता येईनात.

मग एका दुपारी दीर कुंडी घेऊन आला. फुलं सुकलेली, देठांवर पिवळी लक्तरं. "वहिनी, तिनंच दिलीय. आता मिटवा ना दोघींनी. एका घरात किती दिवस हे?"

"ठेवा तिथं," थोरली म्हणाली.

तो गेल्यावर तिनं कुंडी उचलली. काळ्या दगडापाशी गेली नाही. घराला वळसा घालून मागच्या भिंतीपाशी गेली, जिथं वरची एकही खिडकी उघडत नव्हती, आणि तिथं खड्डा करायला बसली. नवरा मागोमाग आला.

"इथं कुठं लावतेस? इथं ऊन येत नाही. इथं हे जन्मात फुलायचं नाही."

"माहितीये मला," ती म्हणाली आणि मुळांवर माती लोटून ती मुठीनं घट्ट दाबत राहिली.