लिफ्टमन हवा

"इथे दाबू?" बाबांनी विचारलं.

"दाबा की. फुटणार नाही," लेक म्हणाली.

चिमणीचं पिल्लू धरावं तसा माऊस धरून बाबांनी 'अनुभवी'वर दाबलं आणि स्क्रीनवरच्या निम्म्या नोकऱ्या अलगद विरून गेल्या. मग 'अर्धवेळ'. मग 'घराजवळ'. बाबांना मोठी मौज वाटली. शेवटी एकच जाहिरात उरली. जुन्या इमारतीसाठी लिफ्टमन हवा, गप्पिष्ट असल्यास उत्तम.

बाबांची सगळी नोकरी एका जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये, स्टुलावर बसून झाली होती. मग नवी लिफ्ट आली, लोक आपापली बटणं दाबू लागले आणि बाबा घरी आले. येऊन काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. दुपारी खुर्चीत डोळा लागला की ते कुणाला तरी "सावकाश, सावकाश" म्हणायचे.

लेक वेबसाइट बनवायला शिकत होती. सरावाला नोकऱ्यांची यादी करायची, ती चाळायला वर बटणं ठेवायची. कंपन्या मनच्या, पगार मनचे. त्यातच गंमत म्हणून तिने बाबांसाठी ही एक जागा काढली होती. हे सांगायचं राहिलं आणि ती चहा टाकायला गेली.

परत येते तर बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे!

"पत्ता दे. आजच जाऊन येतो. शुभस्य शीघ्रम्."

तिने चहाचे कप खाली ठेवले.

"बाबा, यातली एकही नोकरी खरी नाही हो. सगळ्या मीच रचल्यात, सरावाला."

"ही इमारतसुद्धा?"

"तीसुद्धा."

"अगं, मग आधी नाही का सांगायचं? दाढी फुकट गेली." बाबा हसले, पण खुर्चीत बसले ते एकदम थकून. लेकीला स्वतःचा भयंकर राग आला.

"काढून टाकते ती जाहिरात."

"राहू दे. वाच बरं एकदा."

तिने वाचलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. दुपारचं ऊन भिंतीवरून हळूहळू वर सरकत होतं आणि सगळी खोलीच कुठेतरी वर निघाल्यासारखी तिला वाटली.

"छान लिहिलंयस," बाबा म्हणाले. "पण त्यांना कळव, जमायचं नाही म्हणावं. आता वय झालं. दुसरा कुणी बघा."

"कळवते," लेक म्हणाली.

बाबा उठले आणि कामावरून घरी आल्यासारखे सावकाश शर्टाची बटणं काढू लागले.